तीन हजार रोपं, पण आई एकच

सड्यावरचा (धागाकर्ता), ४ मे

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय. लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

आमचं गाव जावळी तालुक्यात, बामणोलीच्या अलीकडे डोंगरात. गावाच्या वर वाघजाईची राई आहे. आजोबा सांगायचे ती राई म्हणजे दिवसासुद्धा एकट्यानं आत जायची छाती होऊ नये अशी. आता जेमतेम दीड एकर उरली आहे. काही जागा रस्त्यात गेली, काही देवळाच्या नव्या सभामंडपात, आणि उरलेल्याच्या कडा दरवर्षी वणवा खातो.

गेली सहा वर्षं आम्ही दहा-बाराजण पावसाळ्यात राईच्या वरच्या उघड्या उतारावर झाडं लावतो. वहीत हिशोब आहे. जांभूळ, हिरडा, थोडी अंजनी मिळून तीन हजारांवर रोपं लावली, सोळाशेच्या आसपास जगली. जगलेल्यांत जांभूळच जास्त.

मागच्या महिन्यात गावातले एक तात्या काठी टेकत वर आले. वय ऐंशीच्या पुढं. सगळं हिंडून बघितलं आणि विचारलं, "बी कुठलं?" मी म्हटलं, देवळाच्या पायरीजवळच्या जांभळीचं. तिची फळं फरशीवर पडतात, खराटा मारला की पाटी भरते. बाकीच्या झाडांखाली काटेरी जाळ्यांत कोण शिरणार? तात्या म्हणाले, "म्हंजी सगळी भावंडंच लावलीसा की रं. उद्या ह्यांची लग्नं आपसातच लावनार व्हय?"

सगळे हसले. मीही हसलो. रात्री मात्र झोप येईना.

तर जाणकारांना विचारायचं आहे. हे खरंच एवढं गंभीर आहे का? आणि जंगल तुटल्यानं जनुकीय विविधता घटते असं वाचतो, पण राईतली जुनी झाडं तर उभीच आहेत. मग घटलं काय?

---

कंदी_पेढा, ४ मे

वाचतोय. तात्यांना एक आयडी काढून द्या.

---

करडई, ४ मे

तात्यांनी एका वाक्यात सांगितलं ते मी बी.एस्सी.च्या पोरांना दोन तास शिकवते, तरी परीक्षेत चुकतात.

दुसरा प्रश्न आधी घेते. तुमच्या राईतले म्हातारे हिरडे, जांभळी रुजल्या तेव्हा राई आणि खालचं रान सलग होतं. तेव्हाच्या माश्यांनी लांबलांबून पराग आणला, वटवाघळांनी आणखी कुठून बिया आणून टाकल्या. ती सगळी जुनी कमाई या झाडांच्या अंगात आजही आहे. भोवतीचं रान गेलं म्हणून उभ्या झाडाची जनुकं बदलत नाहीत. बदलतं ते त्यांच्या पोटी काय येतं ते. आता शेजारी दहाच झाडं उरली असतील तर त्यांच्यातच देवघेव होणार. म्हणून तोडीचा परिणाम बघायचा तर बुंध्यांना टेप लावून काही कळत नाही, बुंध्यांखालची गुडघाभर रोपं तपासावी लागतात. हिरड्याची पिढी माणसाच्या पिढीसारखी भराभर उलटत नाही. कोयनेचं पाणी साठायला लागलं त्याला साठ वर्षं झाली, म्हणजे झाडांच्या हिशोबात ती कालची गोष्ट.

जी झाडं तुटली त्यांच्याबरोबर काही वाण तेव्हाच गेले, हेही आहे. कणगीत दहा तऱ्हेची बाजरी मिसळलेली असेल आणि त्यातून एक मूठ काढली, तर भरपूर असलेल्या तऱ्हा मुठीत येतात, चार-दोन दाणे असलेली तऱ्हा कणगीतच राहते. राई ही ती मूठ. आणि पुढच्या पिढीला मुठीतूनच मूठ काढायची असते.

आता तुमची जांभळाची रोपं. आई एक आणि बाप अनेक धरले, तर ही सगळी सावत्र भावंडं. अशा गोतावळ्यात रोपं कितीही वाढवा, शंभर लावा की लाख लावा, विविधतेच्या हिशोबात तो साधारण चार परक्या झाडांएवढा भरतो. चारशे नाही, चार. कारण प्रत्येकाचा निम्मा वाटा एकाच झाडातून आलेला.

याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवा. फ्रँकलिन नावाच्या संशोधकाने १९८० मध्ये ५०/५०० असा ढोबळ नियम मांडला. नात्यातल्या संकराचे तोटे थोड्या काळापुरते टाळायला ५० आणि बदलत्या हवामानाला तोंड द्यायची ताकद टिकवायला ५००. आकडे उभ्या झाडांचे नाहीत, पुढच्या पिढीत खरोखर वाटा देणाऱ्यांचे. २०१४ मध्ये काही अभ्यासकांनी हेही कमी पडतात, १०० आणि १००० धरा असं सुचवलं.

---

सड्यावरचा, ४ मे

चार?

---

करडई, ४ मे

चार. आणि जांभूळ आहे म्हणून आणखी एक विचारते. पिशवीत एक बी टाकल्यावर दोन-तीन कोंब एकदम वर आलेले बघितलेत का?

---

सड्यावरचा, ४ मे

हो, कितीतरी! आम्हाला वाटायचं पोरांनी चुकून दोन बिया टाकल्या. शिव्या खाल्ल्यात बिचाऱ्यांनी. मग जोमदार तो ठेवायचा, बाकीचे खुडायचे.

---

करडई, ५ मे

पोरांची माफी मागा. जांभळाच्या एका बीत पुष्कळदा एकाहून जास्त भ्रूण असतात. एखादा परागातून झालेला, बाकीचे थेट आईच्या पेशींपासून झालेले. ते आईची हुबेहूब नक्कल, बापाचा संबंधच नाही. म्हणजे तुमच्या उतारावर काही रोपं भावंडंसुद्धा नाहीत, पायरीजवळची तीच जांभळी पुन्हा पुन्हा उभी आहे. चारचा आकडा कदाचित आणखी खाली येईल.

---

नट_बोल्ट, ५ मे

कुपवाडच्या कारखान्यातून मधल्या सुट्टीत लिहितोय, चूकभूल द्यावी घ्यावी.

मला हे सगळं जरा घाबरवल्यासारखं वाटतं. जिथं कुसळ उगवत नव्हतं तिथं सोळाशे झाडं आहेत. सावली पडली, माती धरली, पाखरं आली. पिवळ्या पडलेल्या डोंगराला भावंडं काय नि चुलत भावंडं काय? हायवेच्या रुंदीकरणात गेले ते जुने वड आठवा. पिढ्यान् पिढ्या सावली दिली, त्यांना कुणी विचारलं होतं तुमची आई कोण?

दुसरं, जंगल तुटलं की झाडं एकटी पडतात हे गृहीत का धरायचं? ब्राझीलमध्ये मनाऊसजवळ डिनिझिया नावाच्या उंच झाडाचा अभ्यास झाला, २००३ साली छापून आला. कुरणात एकटी उरलेली झाडं, मूळचे कीटक गायब, तरी आफ्रिकन मधमाश्यांनी पराग तीन किलोमीटरच्या वर नेलेला सापडला. आपल्याकडे आग्यामोहोळ आहेच की. ती काय राईची हद्द बघून मागं फिरतात?

---

करडई, ५ मे

नट_बोल्ट, ब्राझीलचं उदाहरण अगदी बरोबर आहे. बांधावरचं एकटं झाड वाटतं तितकं एकटं नसतं, म्हणून ते तोडू नका असं मी सगळ्यांना सांगते. पण त्याला दुसरी बाजू आहे. कोस्टा रिकात सिम्फोनिया नावाच्या झाडावर १९९८ मध्ये काम झालं. कुरणात उरलेली मोजकी मोठी झाडं उन्हात भरभरून फुलली आणि शेजारच्या रानाच्या तुकड्यांत रुजलेल्या रोपांत त्यांचीच पोरं भरली. स्वतःच्याच परागाची बीजंही वाढली. बाहेरून बघणाऱ्याला रान छान भरतंय असं दिसलं असतं. आत दोन-चार घराण्यांनी गाव व्यापलेलं.

आणखी जवळचं हवं तर कोडगू घ्या. तिथं कॉफीच्या मळ्यांत विखुरलेल्या देवराया आहेत, त्यातल्या डायसोझायलम मलबारिकम या झाडावर अभ्यास झाला. पराग कित्येक किलोमीटर जातो हे दिसलं. तरीही जवळजवळच्या नातलग झाडांतला संकर थांबला नव्हता. मधमाशी लांब जाते, पण शेजारी आधी फुललेलं झाड सोडून कशाला जाईल? आपणही भाजीला कोपऱ्यावरच जातो.

वडांचं मात्र तुम्ही भलतंच चांगलं उदाहरण काढलंत. रस्त्याकडेचे वड बहुतेक फांद्या रोवून लावायचे. एका वडाच्या पन्नास फांद्या रोवल्या तर रांगेत वड पन्नास, जीव एक. म्हसव्याचा जुना वड ऐकला असाल, एकरांत पसरलेला, पारंब्यांचे खांबच खांब. तोही मुळात एकच.

---

आवडाक्का, ५ मे

मग वडाची पोरं होतात कशी? आमच्या मिरजेत जुन्या भिंतीतनं वड नि पिंपळ निघतात, कुणी लावायला जात नाही.

---

करडई, ५ मे

अक्का, भिंतीतले वड बीचे, पाखराच्या विष्ठेतून आलेले. आणि त्यांच्या बापाचा शोध घ्यायला गेलात तर दमाल. वड-उंबराच्या फळातली इवलीशी गांधीलमाशी वाऱ्यावर वाहत जाते. नामिबियाच्या वाळवंटी नदीकाठच्या उंबराच्या एका भाईबंदावर २००९ मध्ये काम छापून आलं. तिथं पराग सरासरी ८०-९० किलोमीटर गेलेला निघाला, लांबात लांब १६० च्या आसपास. म्हणजे मिरजेच्या भिंतीतल्या वडाचा बाप साताऱ्याचा असू शकतो. तुकडे पडण्याचा फटका वड-उंबराला कमी आणि हिरड्या-जांभळाला जास्त बसतो तो यामुळे. सगळ्या झाडांना एक फुटपट्टी चालत नाही.

---

कंदी_पेढा, ५ मे

"बाप साताऱ्याचा असू शकतो" हे वाक्य सांगलीकरांना झेपणार नाही. धागा संपला की मिसळीवरून भांडू.

---

निवृत्त_रोपवाला, ७ मे

मी आयुष्य रोपवाटिकेत घालवलं. कुठल्या ते विचारू नका. तात्यांचा प्रश्न आम्हाला तीस वर्षांत कुठल्याही साहेबानं विचारला नाही. पावसाआधी अमुक लाख पिशव्या भरा, एवढंच वरून यायचं. मग बी कुठून? जी झाडं रस्त्याला लागून, ज्यांच्या फांद्या खाली आणि ज्यांना फळ दाबून, तिथून. दरवर्षी तीच. एक शिवणीचं झाड तर असं होतं की निम्म्या तालुक्यातली शिवण त्याची लेकरं म्हणावीत.

त्यात दुसरी चाळणी. पाहुणे बघायला येणार म्हणून उंच, सरळ रोपं पुढच्या रांगेत, खुजी मागं, नंतर उकिरड्यावर. आता कळतं, त्या खुज्यांत एखादं दुष्काळाला टिकणारं असेल. आपण त्याला उंचीवर नापास केलं.

करायचं काय ते सांगतो, फुकटचा अनुभव आहे. निदान तीसेक झाडं शोधा. दोन झाडांत पन्नास ते शंभर मीटर अंतर ठेवा, कारण अगदी शेजारचं झाड बहुतेक नात्यातलं. प्रत्येकाचं बी सारखं मोजून घ्या, एका झाडाची पाटी आणि दुसऱ्याची ओंजळ असं नको. मग सगळं एका घमेल्यात कालवा. जांभळाचं बी साठत नाही, पंधरा दिवसांत मान टाकतं, तेव्हा फळ गोळा केलं की गर धुऊन लगेच पिशवीत. हिरड्याची आठळी कठीण, तिचं रुंद टोक हलकं छाटून भिजवल्याशिवाय नाद करू नका.

---

वारणेकाठ, ८ मे

आमचं मूळ गाव आता चांदोलीच्या जंगलात आहे. माझा जन्म पुनर्वसनाच्या वसाहतीतला, पण वडिलांबरोबर एकदा परवानगी काढून गेलो होतो. घरांचे चौथरे राहिलेत. प्रत्येक चौथऱ्याच्या मागं रायवळ आंबा. वडील नावं घेत चालले होते. हा शेप्या, याला शेपूचा वास. हा खोबऱ्या. हा गोटी, चोखून टाकायचा. कोय टाकली तिथं झाड आलं, म्हणून एकासारखा दुसरा नाही. मला वाटतं माणूस म्हणजे नुसता नाश असं धरू नये. आमच्या आज्यांनी परसात जेवढी विविधता ठेवली तेवढी आत्ताच्या कलमांच्या बागेत सापडायची नाही.

आणि रान परत येतंय. जिथं नाचणी व्हायची त्या पट्ट्यांत आता आत शिरता येत नाही. पण करडईताई म्हणतात त्या हिशोबानं ते रान कुणाच्या बियांतून आलंय ते बघायला पाहिजे. वडील म्हणाले, ह्या भागात जांभळं दिसतायत ती सगळी ओढ्यावरच्या दोन झाडांची असणार, कारण गाव होतं तेव्हा दुसरी नव्हतीच.

---

हिरड्या, ९ मे

मी लिहू का नको करत होतो. आमचं घर कांदाटी खोऱ्यात. बाळहिरड्यावर आमचं घर चालतं, निदान उन्हाळ्यात.

शहरातल्या लोकांसाठी सांगतो. बाळहिरडा म्हणजे कोवळं फळ. आतली आठळी बनायच्या आत तोडायचं, वाळवायचं, काळं सुरकुतलेलं झालं की व्यापारी नेतो. पिकलेल्या हिरड्यापेक्षा भाव कितीतरी जास्त. म्हणजे आम्ही फळ तोडतो तेव्हा बी तयारच झालेलं नसतं. वस्तीजवळची, पायवाटेवरची, चढायला सोपी सगळी झाडं झडझडून रिकामी होतात. घाई असली तर फांदीच खाली येते. मग बी कुठल्या झाडाला धरतं? कड्यावरच्या, जिथं कुणी चढत नाही. पुढची सगळी हिरड्याची पिढी त्या चार-दोन कड्यावरच्या झाडांची. मी हे कधी असं जोडून बघितलं नव्हतं. आम्ही झाड तोडत नाही म्हणून आमच्या मनाला कधी टोचलं नाही.

नवीन हिरडा दिसत नाही म्हणून आजी वणव्याला शिव्या घालते. वणवा आहेच. पण रोप यायला बी तरी पडायला हवं ना.

---

नट_बोल्ट, ९ मे

हिरड्या, तुझा प्रतिसाद वाचून मी माझं पहिलं म्हणणं थोडं मागे घेतो. थोडंच. सोळाशे झाडं उपटा म्हणालात तर मी आडवा पडेन.

---

करडई, ९ मे

उपटायचं कुणी म्हटलं? ती माती धरतायत, सावली देतायत, त्यांच्या सावलीत दुसरी रोपं जगतील. मधल्या मोकळ्या जागांत वेगळ्या आयांची रोपं घाला, म्हणजे ही फुलायला लागतील तोवर शेजारी परकी झाडं असतील. पुढं विरळणी करायची वेळ आली तर पायरीवालीची पोरं आधी काढा.

हिरड्या, नरक्या या औषधी झाडाचंही तुमच्याकडे असंच ना? कॅम्प्टोथेसिनसाठी, म्हणजे कॅन्सरच्या औषधासाठी, खोडं तोडून नेतात. तो बुंध्यातून फुटतो म्हणून वाटतं वाचला. जीव वाचतो हे खरं, पण फुटवे फुलाफळाला येईपर्यंत पुढच्या पिढीत त्याचा वाटा शून्य. आणि तोवर परत कोयता.

---

हिरड्या, १० मे

आमच्याकडं आता जाड नरक्या बघायला मिळत नाही. बोटाएवढे फुटवे आहेत.

---

आवडाक्का, १० मे

एक भाबडा प्रश्न. एवढी वेगवेगळी बी पाहिजे तर पुण्याहून किंवा विदर्भातून मागवायची. कुरिअरनं येतात की.

---

निवृत्त_रोपवाला, १० मे

अक्का, नको. आपल्या एका जिल्ह्यात महाबळेश्वरला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस आणि माणमध्ये पाचशेच्या आतबाहेर. माणच्या जांभळीचं बी महाबळेश्वरला नेलं तर ते भांबावेल, उलट नेलं तर वाळून जाईल. ज्या खोऱ्याचं बी त्या खोऱ्यात. शेजारच्या खोऱ्यातलं थोडं मिसळायला हरकत नाही.

---

करडई, १० मे

इथं माझा किंचित मतभेद. हवामान बदलतंय, तर जरा कोरड्या बाजूच्या झाडांचं थोडं बी मिसळावं असं म्हणणारे अभ्यासक आहेत. दहातला एक वाटा, त्याहून जास्त नको. पण जांभळाचं बी कुरिअरमध्येच मरेल, त्यामुळे अक्कांचा बेत तसाही रद्द.

---

सड्यावरचा, २३ जून

मधे महिनाभर गायब होतो, कारण रोज डोंगरात होतो. हाल सांगतो.

तीस झाडांचं उद्दिष्ट होतं, जांभळाची एकोणीसच मिळाली. राईत सहा, ओढ्याला चार, बांधांवर पाच, बाकीची पलीकडच्या वाडीत. राईतल्या दोन झाडांत बारा पावलांचं अंतर निघालं, त्यातलं एक सोडलं. अठरा धरा. प्रत्येकाला चुन्याचा नंबर टाकला आणि प्रत्येकी शंभर बिया मोजून घेतल्या. फळांत एवढा फरक असेल असं वाटलं नव्हतं. अकरा नंबरची लांबट आणि गोड, चार नंबरची वाटाण्याएवढी आणि घसा धरणारी. पोरं म्हणाली चार नंबर कशाला घ्यायचं? मी रोपवाटिकावाल्या काकांचा उकिरडा सांगितला. घेतलं.

गंमत म्हणजे सर्वांत भारी बी फुकट मिळालं. राईच्या वर कातळावर उदमांजर रोज येऊन बसतं. त्याची लेंडी म्हणजे निव्वळ जांभळाच्या बिया, साफ, गराचा कण नाही. एका ढिगात मोजल्या तर सत्तेचाळीस भरल्या. ते रात्रभरात किती झाडांखाली हिंडत असेल देव जाणे, आम्ही महिनाभर केलं ते त्यानं आधीच करून ठेवलेलं. हातमोजे घालून उचलल्या आणि वेगळ्या पिशव्यांत लावल्या.

तात्यांना दाखवायला नेलं. घमेल्यात हात घालून बिया चाळल्या आणि म्हणाले, "आता वऱ्हाड जमलं."

हिरड्याचं मात्र घोडं अडलंय. आमच्या बाजूला पिकलेलं फळ धरेल असं एकच झाड आहे. हिरड्या, ऐकतोयस का?

---

हिरड्या, २४ जून

ऐकतोय. घरात आणि भावकीत बोललो. चुलत्यांचं म्हणणं, तुमच्या झाडांसाठी आमचे पैसे का बुडवायचे? बरोबरच आहे त्यांचं.

---

नट_बोल्ट, २४ जून

तीन-चार झाडांचा बाळहिरडा किती रुपयांचा होतो ते मला व्यक्तिगत निरोपात कळव. पार्ट्या कमी करू.

---

आवडाक्का, २४ जून

माझेपण धरा.

---

हिरड्या, २९ जून

निरोप मिळाले, आभारी आहे. यंदाची तोडणी तुमचे निरोप येण्याआधीच उरकली होती, पण घराच्या वरच्या अंगाची तीन झाडं पावसामुळं राहून गेलीत, फळं आहेत त्यांवर. ती आता तशीच पिकू देतो. पिवळी होऊन पडली की थंडीत हाक मारतो, पोती घेऊन या.

पुढच्या उन्हाळ्यात हीच तीन सोडायचं ठरलंय. चौथं विचारलं होतं, गोठ्याजवळचं, सगळ्यांत दाट फळाचं. आजी नाही म्हणाली. त्या एका झाडावर पावसाळ्याचा किराणा भरतो.